असई ते गाविलगड: 1803 च्या वाटेवर

मराठेशाही 1818 मध्ये संपली, हे आपण शाळेत पाठ करतो. तिचा कणा मात्र त्याआधी पंधरा वर्षं मोडला होता, 1803 च्या ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत. आणि तो जिथे जिथे मोडला ती ठिकाणं एकाच प्रवासात पाहता येतात: नगर, असई, अडगाव, अंजनगाव सुर्जी, गाविलगड. पानिपतला जाऊन आलेले लोक मला नेहमी भेटतात. असईला जाऊन आलेलं कुणी भेटलं नव्हतं. माझे बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि असईच्या तोफांचा विषय घरात कायमचा आहे. या सप्टेंबरात, लढाईच्या तारखेच्या आसपास, आम्ही दोघं पुण्याहून गाडी घेऊन निघालो.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून वसईला गेला आणि 31 डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. त्या तहाने पेशव्याला गादी परत मिळाली, पण पेशवाई इंग्रजांच्या फौजेवर विसंबली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. होळकर मात्र लांब राहिले. तिघं एकत्र आले असते तर काय झालं असतं, ही चर्चा आमच्या गाडीत नगरपर्यंत पुरली.

शुक्रवार: नगर

नगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे. आधार कार्ड जवळ ठेवा आणि फोटो काढण्याआधी विचारा. किल्ला गोल, भोवती रुंद खंदक. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने 8 ऑगस्ट 1803 ला पेठेच्या तटाला शिड्या लावल्या आणि 12 तारखेला किल्लाही घेतला. एवढा मजबूत किल्ला चार दिवसांत गेला, हे खंदकाच्या काठावर उभं राहिल्यावर पटत नाही.

त्या वेळी वेलस्लीच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले होते. पुढे 1817 मध्ये खडकीला इंग्रजांवर चालून गेलेले आणि 20 फेब्रुवारी 1818 ला आष्टीच्या लढाईत पडलेले तेच हे बापू गोखले. इंग्रज सकाळी आले, तटावर चढले, शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत गेले, अशा अर्थाचं पत्र गोखल्यांच्या नावावर इंग्रजी पुस्तकांत येतं. ते वाचताना पंधरा वर्षांनंतरचे गोखले डोळ्यांसमोर येतात आणि फार वाईट वाटतं. त्या माणसाला शत्रू ओळखता येत नव्हता असं नाही. धनी इंग्रजांच्या बाजूला होता म्हणून तोही तिथे होता.

जेवून लगेच निघालो, मुक्काम छत्रपती संभाजीनगरला केला.

शनिवार: असई

रात्री पाऊस झाला होता. फुलंब्री, सिल्लोड करत भोकरदनला पोहोचेपर्यंत ऊन पडलं. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी, मधूनच सोयाबीनची कापणी सुरू. भोकरदनला बसस्थानकाजवळ गरम भजी आणि चहा घेतला. यापुढे हॉटेल मिळेलच असं नाही, त्यामुळे पाणी इथूनच भरून घ्या.

असईचं रान समजायला दोन नद्या समजाव्या लागतात. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. दोन्ही पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींना मिळतात. मधला जमिनीचा पट्टा संगमाकडे निमुळता होत जातो आणि या पट्ट्यातच, जुईच्या काठाला, असई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या उत्तर काठाला पसरली होती. घोडदळ अगणित, त्याखेरीज अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली दहा हजारांच्या वर कवायती पायदळ, बेगम समरूच्या पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्ली दक्षिणेकडून आला तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखालची इंग्रजांची दुसरी फौज त्याच्यापासून दूर होती. त्याच्याकडे लढायला साडेचार हजारांच्या आसपास माणसं होती.

समोरून नदी ओलांडणं म्हणजे सरळ तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्यांनी सांगितलं, चालत नदी ओलांडायला दुसरीकडे उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. दोन गावं इतकी जवळ आहेत म्हणजे मधून पायउतार असणारच, असं त्याने ठरवलं आणि फौज तिकडे वळवली. उतार होता.

आम्ही केळणेच्या काठाला गेलो तेव्हा पाणी गढूळ होतं आणि बऱ्यापैकी वाहत होतं. धुणं धुणाऱ्या एका मावशींना बाबांनी विचारलं, "इथून पलीकडं जाता येतं का?"

"येतंय की. आम्ही रोजच जातो सरपणाला. पाऊस मोठा झाला की मग न्हाई."

बाबा माझ्याकडे वळले. "बघ. नकाशावर हे सापडत नाही. गावात विचारावं लागतं, नाहीतर गावाकडे बघून ओळखावं लागतं." ते थोडा वेळ काठ न्याहाळत राहिले. उतरायला मऊ उतरण, वर चढताना कापलेली काळी दरड. त्यावरून तोफा ओढणारे बैल, मागे पायदळ आणि पलीकडून सुरू झालेला मारा. नदी ओलांडतानाच वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं होतं.

यानंतर जे घडलं ते बाबांच्या मते लढाईतलं सर्वांत मोठं काम, आणि ते मराठ्यांच्या बाजूचं आहे. इंग्रज पूर्वेकडून आत शिरलेत हे कळल्यावर पोलमनने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली सगळी फळी फिरवली आणि दोन नद्यांच्या मध्ये पूर्वाभिमुख उभी केली. हजारो माणसं, तोफा, दारूगोळा, बैल. "हे कवायतीच्या मैदानावर करून दाखव म्हटलं तरी घाम फुटतो," बाबा म्हणाले. "शत्रू समोर असताना केलंय त्यांनी." वेलस्लीलाही हे अपेक्षित नव्हतं. त्याच्या तोफा ओढणारे बैल मराठ्यांच्या माऱ्यात मेले, तेव्हा तोफा मागे टाकून त्याला संगिनी लावून पायदळ पुढे ढकलावं लागलं. त्याची उजवी बाजू भरकटून थेट असई गावाकडे गेली. तिथे 74 व्या स्कॉटिश पलटणीची दाणादाण उडाली. ती वाचली ती मॅक्सवेलच्या घोडदळामुळे. मॅक्सवेल स्वतः पुढच्या हल्ल्यात मारला गेला.

मराठ्यांच्या गोलंदाजांची, म्हणजे तोफा चालवणाऱ्यांची, गोष्ट इथेच घडली. शत्रूचं पायदळ तोफांवर आलं तरी ते हलले नाहीत. कित्येक जण तोफांजवळ कापले गेले. उरलेले मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर उठून, तोफा उलट्या फिरवून त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्या झटापटीत त्याच्या घोड्याला भाला लागला. इंग्रजांच्या हाती 98 तोफा लागल्या. त्यांची 428 माणसं मेली, अकराशेवर जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने आयुष्यभर असईची लढाई फार भीषण मानली.

मॅक्सवेलचं नाव इतिहासात राहिलं. पोलमन जगला, नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतही गेला. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मालक, म्हणजे शिंदे आणि भोसले, लढाई संपायच्या आधीच रणांगणातून निघून गेले होते. ही माणसं कुणासाठी तोफेजवळ थांबली?

बाबांचं उत्तर लगेच आलं. "तोफेसाठी. गोलंदाज तोफ सोडत नाही."

गावात पारावर बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला घरी नेलं. "कुठून आले म्हणायचे? पुण्याहून? लढाईसाठी?" त्यांना आश्चर्य वाटलं आणि आनंदही झाला. "आमचा आज्जा सांगायचा, नांगरताना लोखंडाचे गोळे निघायचे. पोरं खेळायची त्यांनी." नातवाने शेतातून मक्याची कणसं आणली, चुलीत भाजली, वर मीठ आणि लिंबू. मग ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कारळ्याची चटणी आली. नको म्हणायची सोय नव्हती. निघताना बाबांनी वाण्याकडून नारळ घेतला आणि मारुतीपुढे फोडला. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आजोबांनी विचारलंही नाही.

काही उपयोगी गोष्टी: पावसाळ्यानंतर इथली काळी माती चपलेला किलोकिलोने चिकटते, त्यामुळे बूट घाला आणि शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. सकाळी आठला पोहोचलात तर केळणेचा उतार, संगमाकडचं रान आणि गाव हे सगळं निवांत होतं. निघण्यापूर्वी दोन नद्यांचा नकाशा कागदावर काढून घ्या. फोनवर रेंज येते-जाते. आणि नदीत उतरण्याआधी गावकऱ्यांना विचाराच.

रविवार: अजिंठा ते शेगाव

असईच्या जखमी इंग्रज सैनिकांचं इस्पितळ अजिंठा गावात केलं होतं. लेणी आणि गाव वेगळं, बरेच लोक गावात थांबतच नाहीत. जुनी तटबंदी आणि वेशी अजून उभ्या आहेत. असईपासूनचा हा रस्ता आम्ही गाडीने सहज पार केला. हात-पाय गेलेली माणसं डोल्यांतून, बैलगाड्यांतून इथे आणली गेली.

त्या इस्पितळातल्या कुणाला जवळच्या दरीतली लेणी ठाऊक होती का, देव जाणे. इंग्रजांच्या नोंदीत ती आली सोळा वर्षांनी. 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि जॉन स्मिथ, 28 वी कॅव्हलरी, ही अक्षरं दहाव्या लेण्यात एका खांबावर खरवडलेली आहेत, तीही चित्रावरच. नाव डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात गाळ-मातीचा थर साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. मला ते नाव पाहून राग आला. दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं आणि त्यावर चाकूने केलेली सही! तरी ती तारीख महत्त्वाची वाटते. 1819 म्हणजे पेशवाई बुडून एक वर्ष झालेलं आणि कंपनीचे अधिकारी या डोंगरांत शिकारीला मोकळे फिरत होते.

सोमवारी लेणी बंद असतात. स्वतःची गाडी फाट्यावर लावून पुढे बसने जावं लागतं. रविवारी गर्दी असते, म्हणून पहिल्या बसलाच बसा आणि दहावं लेणं आधी पाहा.

बुलडाणा, खामगाव करत संध्याकाळी शेगाव. गजानन महाराजांच्या संस्थानाच्या भक्तनिवासात खोली मिळाली, स्वच्छ आणि परवडणारी. दर्शन झाल्यावर कचोरी. पातळ पापुद्रा, आत तिखट मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. बाबांनी दुसरी मागितली तेव्हा मी अडवलं नाही.

सोमवार: अडगाव, अंजनगाव सुर्जी

अकोटच्या अलीकडे अडगाव. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत सतत सोबत असते. 29 नोव्हेंबर 1803 ला इथे दुसरी मोठी लढाई झाली. या वेळी समोर मुख्यतः भोसल्यांची फौज, रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली. गावाभोवती उंच पीक होतं आणि त्यातून इंग्रजांच्या पलटणी बाहेर पडल्या तेव्हा मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. असईला खंबीर उभ्या राहिलेल्या तीन पलटणी इथे चक्क पळाल्या. वेलस्लीने स्वतः मध्ये घोडा घालून त्यांना थांबवलं, पुन्हा उभं केलं. आपण तिथे नसतो तर लढाई हरलो असतो, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. संध्याकाळपर्यंत 38 तोफा गेल्या आणि चांदण्यात पाठलाग सुरू झाला.

आज तिथे कपाशी आणि केळी. एका शेताच्या बांधावर देवीच्या ठाण्याजवळ रोडग्यांचा स्वयंपाक चालला होता. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची तर्रीदार भाजी. गाडी हळू केली तर एका काकांनी हात केला, "या जी, जेवून जा. उपाशी कायले जाता?" जेवताना बाबांनी लढाईचा विषय काढला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या इथं एवढं झालं अन् आमच्या पोट्ट्यायले शाळेत सांगतलं नाही कोणी." यावर आमच्याकडे बोलायला काही नव्हतं. रोडगा कुस्करून त्यावर तूप घालतात. मी असा पदार्थ पुण्यात कधी खाल्ला नव्हता.

दुपारी अंजनगाव सुर्जी. 30 डिसेंबर 1803 चा शिंद्यांचा तह या गावाच्या नावाने ओळखला जातो. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, नगरचा किल्ला, अजिंठ्याच्या डोंगराखालचा मुलूख, सगळं त्या कागदाने गेलं. महादजींनी दिल्लीपर्यंत पोहोचवलेली सत्ता त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत इथे, वऱ्हाडातल्या एका गावाजवळ सोडून द्यावी लागली.

शिंद्यांकडून बोलणी करणाऱ्यांत विठ्ठलपंत होते. म्हातारे, चेहऱ्यावरची रेघ न हलवणारे मुत्सद्दी. इंग्रजांकडून जॉन माल्कम त्यांच्यापुढे बसला होता. बऱ्याच वर्षांनी वेलस्लीला कुणी फ्रान्सच्या तालेराँबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की बराचसा विठ्ठलपंतांसारखा आहे, पण तेवढा हुशार नाही. युरोपातला त्या काळचा सर्वांत धूर्त मुत्सद्दी म्हणजे तालेराँ! एवढा माणूस हाताशी असून काय वाटाघाटी करायच्या, जेव्हा तोफा सगळ्या गेलेल्या आहेत.

अंजनगावच्या रस्त्यावर पानमळे लागतात. एका मळेवाल्या दादांनी आत नेऊन पानपिंपरी दाखवली. शेवरीच्या सावलीत वर चढलेला वेल, पानं विड्याच्या पानासारखीच, मधूनमधून बोटाच्या पेराएवढी उभी हिरवी फळं. ती वाळवून औषधाला जातात. मळ्यात बाहेरच्यापेक्षा बराच गारवा होता आणि पायाखाली ओल. एक फळ चावून पाहिलं, आधी काहीच नाही, मग जीभ बधिर. मळ्यात चप्पल काढून जायचं, हे मात्र लक्षात ठेवा. मुक्काम परतवाड्याला.

मंगळवार: गाविलगड

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना धुकं लागलं आणि पुढे दहा पावलांवरचंही दिसेना. किल्ला मेळघाटच्या जंगलात येतो. प्रवेशाच्या वेळा पाळाव्या लागतात. सकाळी लवकर जा, सोबत खाण्याचं नेलंत तर प्लास्टिक परत आणा.

अहमदशाह बहमनीने 1425 मध्ये बांधलेला हा गड दक्षिणेकडून जवळजवळ अजिंक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने उत्तरेकडून यायचं ठरवलं. सातपुड्यातून सुमारे 30 मैल रस्ता माणसांनी फोडत, जड तोफा हातांनी ओढत तो गडाच्या उत्तर बाजूला पोहोचला. बाबा या रस्त्याबद्दल आदल्या रात्रीपासून बोलत होते. त्यांनी लडाखमध्ये तोफा चढवलेल्या आहेत, त्यामुळे कौतुक करताना त्यांना बाजू आठवत नाही. शत्रूचं काम चांगलं असलं तर ते चांगलंच म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता.

15 डिसेंबर 1803 ला हल्ला झाला. बाहेरचा किल्ला भगदाडातून गेला, पण आतला किल्ला मधल्या दरीपलीकडे शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलने दरीतून शिडी चढवून तट गाठला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग रजपूत लढताना पडला. आतल्या बायकांना शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही म्हणून त्यांच्यावर शस्त्र उगारलं गेलं, त्यात काही मेल्या. हे वाचलेलं होतं. शार्दूल दरवाजापाशी उभं राहून बाबांनी ते मोठ्याने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

दरवाजावरचं कोरीवकाम धुक्यातून हळूहळू उलगडत गेलं: दुतोंडी गंडभेरुंड, शार्दूल, हत्ती. दगड ओला, काळा, शेवाळलेला. आतल्या पडक्या मशिदीच्या कमानींतून ढग शिरत होते. साडेदहाच्या सुमाराला वारा सुटला, अर्ध्या तासात सगळं मोकळं झालं आणि खाली वऱ्हाडाचं मैदान दिसलं, थेट अडगावच्या बाजूपर्यंत. वरून पाहिल्यावर समजतं की गाविलगड गेल्यावर रघूजींकडे लढायला जागाच उरली नाही. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक आणि बालासोर गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड तेवढा परत मिळाला.

या साऱ्या मोहिमेत वेलस्लीच्या सोबत दुभाष्याचं काम करणारा एक तरुण होता. असईच्या दिवशी त्याला चोविसावं पुरं व्हायला दोन आठवडे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. 1804 मध्ये तो नागपूरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा वकील, झाला, 1811 मध्ये पुण्याचा, आणि 1817 मध्ये खडकीला बापू गोखल्यांसमोर उभा राहिला. दोघांनी 1803 ची मोहीम एकाच बाजूने पाहिली होती. एल्फिन्स्टनने त्यातून काय शिकावं आणि गोखल्यांना काय करायची मुभा असावी, हा फरक मला पुस्तकांपेक्षा या प्रवासात जास्त कळला.

उतरल्यावर चिखलदऱ्यात गवळ्याच्या दुकानात रबडी खाल्ली, दाट, साय धरलेली, साखर बेताची. इथली कॉफीही घ्या, ती इथल्याच मळ्यांतली असते.

असईत लढाईचा फलक आमच्या पाहण्यात आला नव्हता. परतीच्या वाटेवर बाबांनी वहीत एका फलकाचा मजकूर लिहिला: तारीख, दोन नद्या, फळी फिरवल्याची हकिकत आणि 98 तोफांजवळ पडलेले गोलंदाज. मी एका ओळीतलं विशेषण काढायला सांगितलं, त्यांनी काढलं. मजकूर आम्ही असईच्या त्या आजोबांच्या नातवाला फोनवर पाठवला आहे. येत्या ग्रामसभेत मांडतो, असं त्याचं उत्तर आलंय. दगडाचा खर्च बाबा देणार आहेत.